खाट भरलेली, ताट नाही

"खाट भरलेली आहे, खाटेवर माणूस आहे, माणसाला भूक आहे आणि ताट नाही. ह्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगा मला," मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या. फोन खरं तर तिच्या ऑफिसातल्या साहेबांचा होता. साहेब चहाला खाली गेले होते आणि वाजणारा फोन वाजू देणं तिला जमत नसे, म्हणून तिने उचलला. "नोंद गळली असणार," ती सवयीने म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपल्या आवाजातला थंडपणा ऐकू आला. "नोंद नाही हो, माणूस गळलाय!" मेट्रनबाई बारा गावचं पाणी प्यालेल्या, त्यांनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. रस्त्यावर बेशुद्ध पडलेला एक माणूस त्यांच्याकडे आणून टाकला होता. नाव नाही, गाव नाही, म्हणून केसपेपरला अजून नंबर नाही. सलाईन होतं तोवर कुणाला काही वाटलं नाही. मग सलाईन काढलं, डॉक्टरांनी साधं जेवण लिहिलं, सिस्टरने ते नव्या प्रोग्रॅममध्ये भरलं, आणि जेवणाची गाडी त्याच्या खाटेसमोरून सरळ पुढे गेली. एकदा नाही, दर वेळी. दर पाळीला वाटत राहिलं, आधीच्या पाळीत जेवला असेल. आज सकाळी शेजारच्या ताटात उरलेली पावाची कड उचलून खाताना तो दिसला. "त्याने मागितलं नाही?" तिने विचारलं. "बोलत नाही तो. पन्नाशीचा असेल. दिवसभर भिंतीकडे तोंड करून, उशी पोटाशी घेऊन पडलेला असतो."

तिने फोन ठेवला. समोरच्या काचेबाहेर कुणीतरी खिडक्या पुसत होतं. फडक्याची पाण्याची रेघ काचेवरून खाली आली आणि मध्येच थांबली.  मानेमागे, केसांच्या मुळाशी तिला गार वाटलं. उशी पोटाशी घेऊन. जगात हजारो माणसं झोपत असतील तशी, तिने स्वतःला बजावलं. थंडी वाजते, पोट दुखतं, एकटं वाटतं. माणूस उशी पोटाशी घेतो, त्यात काय एवढं. पण चोराच्या मनात चांदणं. तिच्या डोळ्यांसमोर एक पाठ उभी राहिली होती, बनियनमधली, मणके दिसणारी. लहानपणी एका खोलीत निजताना ती पाठ तिच्याकडे असायची. पलीकडे भिंत, आणि भिंतीला नाक लावून दादा.

काम तसं साधं होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी हा प्रोग्रॅम केला होता. कोणत्या खाटेवर आत्ता कोण आहे, ही यादी प्रोग्रॅम स्वतःच्या मेमरीत धरून असे. माणसं येतात, जातात, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलतात, काही चादरीखालून कायमची जातात. यादी सारखी बदलती, म्हणून ती कुठे लिहून ठेवत नसत. कोणी काय खायचं हे मात्र डेटाबेसच्या टेबलात पक्कं असे. दोन्हींची गाठ घालायची. इकडची खाट तिकडच्या खाटेशी, इकडचा केसपेपर नंबर तिकडच्या नंबराशी. दोन्ही जुळलं की ताट निघतं. ह्या जुळवण्याला ते सगळे जॉइन म्हणत, आणि जॉइन बरोबर लागतो की नाही हे तपासणं ही तिची नोकरी होती. आता खऱ्या टेबलाशी जोडून तपासायचं म्हणजे वेळ खातं. म्हणून टेबलाची एक नक्कलही मेमरीतच ठेवायची आणि मेमरीची मेमरीशी गाठ घालून बघायची, असं टीममध्ये ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे साहेबांनी ठरवलं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चष्मेवाल्याने होकार भरला आणि तिने मान हलवली. शितावरून भाताची परीक्षा. फक्त शीत दुसऱ्याच पातेल्यातलं होतं.

कारण मेमरीत एक रिकामा नंबर आणि दुसरा रिकामा नंबर समोरासमोर आले की प्रोग्रॅम म्हणतो, सारखेच की हे, आणि जोडी लावून देतो. डेटाबेस तसं म्हणत नाही. त्याच्या लेखी रिकामं म्हणजे काही नाही असं नव्हे, रिकामं म्हणजे माहीत नाही. आणि एक माहीत नसलेला नंबर दुसऱ्या माहीत नसलेल्या नंबराइतकाच आहे, हे तो मेला तरी कबूल करत नाही. इकडे नंबर नसलेला माणूस, तिकडे त्याच्याच नावावर नसलेलं त्याचंच जेवण, आणि मधला डेटाबेस म्हणणार, मी ओळखत नाही. शिवाय बोंब मारत नाही, चूक दाखवायला लाल होत नाही. ओळ मुकाट्याने गळते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ह्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते ठाऊक असतं. पण नकलेवर सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसत होतं, आणि हिरवं दिसलं की माणूस पुढच्या कामाला लागतो.

चाचणीला खोटी माणसं लागतात. चष्मेवाला भाज्यांची नावं द्यायचा: खाट एक बटाटा, खाट दोन कोबी, आणि कोबीला मधुमेह झाला म्हणून स्वतःच हसायचा. ती घरची माणसं घ्यायची. आईला बिनसाखरेचं जेवण. मावशीला बिनमिठाचं, म्हणजे निदान इथे तरी तिची जीभ थोडी सौम्य होईल. बाबा गेले होते, तरी त्यांना एक खाट आणि पातळ जेवण. आणि बिननंबरचा रुग्ण म्हणून एक ओळ हवी होती, तिथे तिने दादा असं लिहिलं होतं. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. बोटांनी लिहिलं आणि ती पुढे गेली. दादा, नंबर रिकामा, जेवण साधं. रोज सकाळी चाचण्या चालत, सगळ्या ओळी हिरव्या होत, आणि तिच्या चाचणीत दादाला रोज ताट मिळत होतं.

साहेब आले तेव्हा तिने ती चाचणी खऱ्या टेबलावर लावून ठेवली होती. तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिले. आई आली, मावशी आली, बाबा आले. दादा आला नाही. "दादा कोण?" साहेबांनी विचारलं. "आहे एक," ती म्हणाली. चष्मेवाला खाली मान घालून "माझ्या लक्षात यायला हवं होतं" असं पुटपुटला. साहेब त्यांच्या ठेवणीतल्या शांत आवाजात म्हणाले, "बरं, ही दुर्मीळ केस आहे. घाबरून जायचं कारण नाही. रिकाम्या जागी तात्पुरता नंबर टाकू, संध्याकाळपर्यंत पाठवून देऊ." "तो उपाशी होता साहेब," ती म्हणाली. "हो, ते वाईटच झालं. पण त्यांच्या सिस्टरनेही बघायला नको का?" "बघायला हवं होतं. पण यादी आपण दिली होती, ह्या यादीवर विश्वास ठेवा असंही आपणच सांगितलं होतं. खऱ्या टेबलावर सगळ्या चाचण्या लागल्याशिवाय मी पास म्हणणार नाही." साहेबांनी तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, कारण इतक्या वर्षांत तिने मान हलवण्यापलीकडे कधी काही केलं नव्हतं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, लावा." ते वाईट माणूस नव्हते. पुढचे काही तास ती टेबलाशी एकेक ओळ जोडून बघत बसली, आणि बघताना तिच्या मनात दुसरंच चाललं होतं.

दादा हुशार होता, हे सगळे सांगत. सांगायला बरं पडतं. दादा हसायचा कसा, हे कुणी सांगत नाही. तो आवाज न करता हसायचा, खांदे हलायचे फक्त. तिला सायकल त्याने शिकवली, आणि मागचा हात सोडला तेव्हा सोडला म्हणून सांगितलंही होतं, फसवलं नाही. मग कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याला भिंतीपलीकडून कुणीतरी बोलतं आहे असं वाटायला लागलं. आधी घरात थट्टा झाली, मग औषधं झाली, मग औषधं बेसिनमध्ये सापडायला लागली. बाबा त्याच काळात गेले, आणि बाबांच्या नंतर घरात पुरुष म्हणजे तोच. एकदा त्याने आईला आणि तिला स्वयंपाकघरात कोंडलं आणि दाराला पाठ लावून दिवसभर बसून राहिला; बाहेर माणसं आहेत, ती तुम्हाला नेतील, म्हणाला. तो त्यांना वाचवत होता. हे त्यांना नंतर कळलं, आणि कळूनही काही उपयोग झाला नाही, कारण त्यानंतरच्या वेळी त्याने आईला ढकललं आणि आईचं मनगट मोडलं. सगळ्या सुऱ्या एका डब्यात घालून डबा शेजारी नेऊन ठेवला होता. भाजी चिरायची झाली की शेजारच्या काकूंकडे जाऊन चिरून आणायची. आणि एका सकाळी तो खांद्यावर टॉवेल टाकून, घरातल्या चपला घालून बाहेर पडला, तो आलाच नाही. शोधलं. दोघी पोलिसांत गेल्या, दवाखाने पालथे घातले, फोटो वाटले. मग शोधणं हळूहळू थांबलं, कुणी थांबवलं असं नाही. मावशी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई, ती म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला म्हणा." आई तिला काहीच बोलली नाही. सुऱ्यांचा डबा मात्र काही दिवसांनी परत घरात आला, आणि त्या महिन्यात ती स्वतः पहिल्यांदा सलग झोपली. सकाळी उठल्यावर आपण झोपलो ह्याचीच तिला लाज वाटली होती.

तेव्हापासून घरात दादाचं नाव निघालं नव्हतं. आईने तोंडाला कुलूप लावलं आणि तिने ते लावू दिलं. तिला वाटायचं, आई आतल्या आत वाट बघते आहे. आया बघतातच. दाराशी कुणाची चाहूल लागली की आईचे हात थांबत, हे तिने कितीदा पाहिलं होतं. म्हणून ती कधी काही विचारायची नाही. विचारलं असतं तर आईला कळलं असतं की मुलगी वाट बघत नाही. आता तो असला तर? खाटेवर तोच असला तर दवाखाना त्याला ठेवून घेणार नाही, तिलाच घेऊन जा म्हणणार. आईची खोली, तिची खोली, मधली जागा. तो मधल्या जागेत झोपेल, म्हणजे पाणी प्यायला उठायचं झालं तरी त्याला ओलांडून जायचं. पन्नाशीचा पुरुष, आणि आई काठी घेऊन चालणारी. ह्या सगळ्याचा ती इतक्या बारकाईने विचार करत होती की शेवटी तिला स्वतःचीच किळस आली. भाऊ असला तर तो उपाशी राहिला तिच्या चुकीमुळे, आणि ती मात्र त्याने कुठे झोपायचं ह्याची चिंता करत बसली होती.

घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. सांगायचं नाही असं तिने वाटेत पक्कं केलं होतं. आधी एकटी जाऊन बघू, असला तर सांगू. "लवकर आलीस?" आईने विचारलं. "पुन्हा जायचंय. दवाखान्यात." "कुणाला काय झालं?" ताकास तूर लागू न देता उत्तर देता आलं असतं, कामाचं आहे म्हणाली असती तरी खोटं झालं नसतं. पण तिने सांगून टाकलं, उभ्या उभ्या, चपला न काढता. एक माणूस आहे, नाव नाही, वय जमतं, बोलत नाही, तोच असेल असं काही नाही. आईचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. "झोपतो कसा?" आईने विचारलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. "भिंतीकडे तोंड करून. उशी पोटाशी घेऊन." आईने शेंग ताटलीत ठेवली, काठी घेतली आणि म्हणाली, "थांब, मी कपडे बदलते."

टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांशी बसल्या. सिग्नलला गाडी थांबली की आईचे ओठ हलताना दिसत. मागणं मागते आहे, तिच्या मनात आलं. तोच असू दे म्हणून मागते आहे. म्हातारीने एवढी वर्षं हे तोंडातून काढलं नाही आणि आता एका परक्या बाईच्या फोनवर ती लेकराला बघायला निघाली आहे, आणि शेजारी बसलेली तिची मुलगी मात्र मनातल्या मनात म्हणते आहे, नसू दे, नसू दे. आई सुदैवाने बाहेर बघत होती. तिला आईच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण तो हात खोटा पडला असता. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

वॉर्डात जेवणाची वेळ होती. मेट्रनबाई आवाजावरून वाटल्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. "तुम्हीच ना फोनवरच्या? बघा, आता ताट येतंय, मी स्वतः उभी राहून घेतलं," त्या म्हणाल्या आणि आईला बघून एकदम थांबल्या. "ह्या माझ्या आई," ती म्हणाली, "आमचं कुणीतरी..."   मेट्रनबाईंनी नुसता हात केला. कोपऱ्यातली खाट. करड्या पांघरुणाखाली एक लांब पाठ, भिंतीकडे तोंड. स्टुलावर ताट: दूध, पाव, उकडलेला बटाटा. ती पायथ्याशीच थांबली. पाठीवरून काही कळत नव्हतं. तिच्या मनातली पाठ पंचविशीतली होती आणि ही म्हातारी होत चाललेली. दोन्ही एकमेकींवर ठेवून बघायच्या कशा, कशाला काय जुळवायचं? मान तीच वाटत होती. मग वाटलं, नाही. मग पुन्हा वाटलं, तीच. ज्याची भीती असते ते माणसाला सगळीकडे दिसतं, हे तिला कळत होतं, तरी दिसायचं थांबत नव्हतं.

आई थांबली नाही. खाट आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत ती आडवी होऊन शिरली, काठी खाटेला टेकवली आणि वाकली. मुलगी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता जे काय आहे ते त्या चेहऱ्यावर आधी उमटणार होतं. काहीच उमटलं नाही. आईने त्या माणसाच्या खांद्याला हात लावला, तो हळूहळू उताणा झाला. गालफडं बसलेली, डोळे फिकट, हनुवटीला खळी. दादाला खळी नव्हती. "नाही," आई म्हणाली. एवढंच. मग तिने फटीतून बाहेर येऊन ताटाचं स्टूल जवळ ओढलं, पाव दुधात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. त्याने उठून बसत तो घाईने खाल्ला, दुसरा तुकडा स्वतःच बुडवला. दूध हनुवटीवरून ओघळलं ते आईने पदराने नाही, त्याच्याच पांघरुणाच्या टोकाने पुसलं, परक्याचं पुसावं तसं. तो आईकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. त्याला काहीतरी सांगावं, माफी मागावी, असं मुलीला वाटलं. माफी मागणार कशाची, आणि त्याला ती कळणार कशी? "पोटभर खा," ती म्हणाली. त्याने मान हलवली की घास गिळला, हे तिला समजलं नाही.

आई बाहेर येऊन बाकावर बसली.  नाही हा शब्द ऐकल्याबरोबर मुलीच्या सबंध अंगातून काहीतरी सुटलं होतं, इतकं सरळ आणि इतकं गोड, की ते तोंडावर दिसेल म्हणून ती भिंतीवरची सूचना वाचत उभी राहिली. आईला आता काय सांगायचं? वाईट वाटून घेऊ नकोस म्हणायचं? "आई, चल, घरी जाऊ," ती म्हणाली. आई उठली नाही.

"मला बरं वाटलं गं," आई म्हणाली.

तिला आधी वाटलं, त्या माणसाने दूध प्यायलं म्हणून.

"तो नाही बघून बरं वाटलं. आई असून." आईचा आवाज रडका नव्हता, कोरडा होता. "गाडीत सगळा वेळ मागणं मागत होते. तो नसू दे, तो नसू दे. तू शेजारी बसलेली. तुला कळलं तर काय म्हणशील, ही कसली आई."

"मी पण," ती म्हणाली. शब्द आला तो इतका मोठ्याने आला की पलीकडच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. "मी पण तेच म्हणत होते. मला वाटलं, तू वाट बघतेस."

"मला वाटलं, तू बघतेस. म्हणून मी कधी विषय काढला नाही. म्हटलं, पोरीचा जीव आहे त्याच्यावर."

"होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "आहे." आणि मग तिला रडू फुटलं. कुणी आलं गेलं बघत होतं तरी थांबेना. आईने तिला जवळ घेतलं नाही, गप्प बस म्हणाली नाही. नुसती शेजारी बसून राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. आतून भांड्यांचा आवाज आला, रिकामी ताटं गोळा करत असणार. मेट्रनबाई दारात आल्या, "ओळख पटली का?" त्यांनी विचारलं, आणि दोघींकडे बघून उत्तर न घेताच परत आत गेल्या. 

"मग आता त्याची वाट बघणारं कोण राहिलं?" आई म्हणाली. "तू नाही, मी नाही."

तिने पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले.

"तोही असाच कुठेतरी पडला असेल," आई म्हणाली. "आणि कुणीतरी दुसरीच बाई आपला मुलगा शोधत येईल, वाकून त्याचं तोंड बघेल आणि म्हणेल, हा नाही. आणि तिलाही बरं वाटेल."